जरा थांबा म्हणणारा साळा

माणूस मेला यावर लवकर विश्वास न ठेवणारा अख्ख्या नागपुरात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साळा निघाला. कोणाच्याही मयतीला न्या, तिरडी बांधून होत आली की हा पुढे सरकतो, आपला चष्मा काढतो, मेलेल्याच्या नाकासमोर काच धरून वाफ येते का ते पाहतो आणि म्हणतो, "जरा थांबा." डॉक्टरचा कागद दाखवला तरी काच धरतोच. आमच्या गल्लीतल्या गुरुजींच्या मयतीत त्यांच्या पोरानं याला दंडाला धरून बाहेर काढलं, तर फाटकातून ओरडला, "पाय गरम हायेत का, ते तं पाहा गा!" मे महिना होता. मे महिन्यात आमच्याकडे खाटेचेही पाय गरम असतात.

हे सगळं एका नाटकापायी झालं. तरुणपणी हा नाटकमंडळीत होता. नाटक परदेशातलं, जुनं. आपल्या लोकांनी त्याला धोतर-लुगडं नेसवलेलं. मी चौथी शिकलेला माणूस, जशी समजली तशी गोष्ट सांगतो. दोन घरांत वैर. एका घरचा पोरगा, दुसऱ्या घरची पोरगी, एक साधूबाबा त्यांचं चोरून लग्न लावून देतो. इकडे बाप पोरीचं दुसरीकडे जमवतो, म्हणून बाबा तिला असं औषध देतो की ती मेल्यासारखी झोपेल. पोरगा तोवर गाव सोडून गेलेला. त्याला माणसाहाती निरोप धाडतात, की ती मेली नाही, झोपली आहे, लवकर ये. निरोप्या वाटेत अडकतो, कारण गावात साथ असते आणि लोक त्याला कोंडून घालतात. पोरगा येतो, पोरगी गार पडलेली पाहतो, विष पितो. मग ती जागी होते, त्याला पाहते आणि सुरा मारून घेते. माझं म्हणणं एवढंच, की पोरानं आधी एक बिडी ओढली असती तर दोघं म्हातारे झाले असते.

तर त्या निरोप्याचं काम माझ्या साळ्याकडे. काम काय, मध्येच अडकायचं आणि शेवटपर्यंत विंगेत बसायचं. तो तिथं बसून दर खेळाला रडायचा. रामटेककडच्या एका गावात त्याच्यानं राहवलं नाही. पोरानं विषाची वाटी तोंडाला लावली आणि हा धावत स्टेजवर. "थांब बे, जित्ती हाये ते!" मेलेली पोरगी दचकून उठून बसली, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, आणि मालकानं याला रंगासकट हाकलून दिलं. माझी बायको, याची थोरली बहीण, पुढंच बसली होती. शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "माह्या भावानं दोन जीव वाचवले."

तेव्हापासून कोणताही निरोप हा स्वतः पोचवतो. सावनेरला भाचीच्या साखरपुड्याचा दिवस बदलला, तर मोबाईलवर मेसेज टाकून वर बसनंही गेला.

"दोन निळ्या खुना आल्या होत्या ना गा?" मी विचारलं.

"आल्या. पन वाचलं कोनं, हे खुनेले काय मालूम?"

"म्हनून चालला गेला?"

"बस वाटेत बंद पडली, भाऊजी. मंग पायी गेलो. नाटकातल्या त्या मानसाले पाय नव्हते काय?"

मागच्या हिवाळ्यात माझी बायको गेली. दवाखान्यातून तिला घरी आणलं. अंगणात माणसं जमली, आणि मला दुःखाच्या आधी धास्ती याची, की आता हा चष्मा काढणार, लोक तोंडाला रुमाल लावून हसणार, तिच्या शेवटच्या वेळी तमाशा होणार. सुनेला सांगून ठेवलं, मामाला आत बसव. तो काही आत बसला नाही. येऊन बहिणीच्या डोक्याशी बसला. चष्मा काढला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तो काचा धोतरानं पुसत होता. पुसून त्यानं चष्मा परत डोळ्यावर चढवला.

ती गेली हे यानंही मानलं, म्हणजे मग राहिलं काय?

"काच धर ना बे," मी म्हणालो.

"भाऊजी, आता काहून..."

"धर म्हनतो ना."

त्यानं धरली. काच कोरडीच राहिली. तिरडीवाले पुढे झाले, तसा मीच म्हणालो, "जरा थांबा." कोणी हसलं नाही. सगळे थांबले.

आता तो रोज दुपारी येतो. जेवण करून मी आडवा होतो, गाढ झोप लागते, आणि डोळे उघडतात तेव्हा नाकासमोर काच असते. मी शिव्या घालतो. तो काच उजेडात धरून म्हणतो, "वाफ आली, भाऊजी," आणि चहा मांडायला आत जातो. त्यासाठी मी दाराची कडी लावत नाही.

आज त्याला उशीर झाला म्हणून फोन केला. "निघूनच राहिलो," म्हणाला. पण फोनवर म्हणाला म्हणजे निघालाच, असं थोडंच असतं. चपला घातल्या आहेत. चौकापर्यंत जाऊन पाहून येतो.