जिन्याच्या वळणावरची वैजू

वैजू गेल्याचा फोन दुपारी आला. तिचा भाऊ हॉस्पिटलमधून बोलत होता. डेंग्यूचं निमित्त झालं, म्हणाला, आणि मग हळूच, "सुनंदाताई, आईला तुम्हीच सांगा ना..." आम्ही नवीन पनवेलला एकाच जिन्यात राहायचो, मी पहिल्या मजल्यावर, वैजू आणि तिची आई तिसऱ्या. ते दोन मजले मी कसे चढले मला आठवत नाही. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटाला बोलत व्हती का?" मी सांगितलं, कालपासून शुद्धच नव्हती. "मंग गेलीच," त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं.

बोलत नसलेली वैजू आम्हाला ठाऊकच नव्हती. दिवसा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, तिथेही गिऱ्हाइकाला गोळ्यांबरोबर चार शब्द फुकट मिळायचे. पण तिचं खरं बोलणं संध्याकाळी. घरात मार खाणाऱ्या बायकांविषयी स्वतः लिहिलेलं, पाठ केलेलं, हातात कागद न घेता म्हणायची. त्याला कविता म्हटलेलं तिला खपायचं नाही. "कवितेला लोक वा वा करतात आणि घरी जाऊन बायकोवर हात उचलतात," हे तिचं म्हणणं. सुरुवातीला गणपतीच्या मांडवात बोलायची. एकदा समोर नुसते पुरुष आणि खुर्च्यांवर नाचणारी पोरं बघून वैतागून खाली उतरली. "ज्यांच्यासाठी बोलायचं त्या घरी भाकऱ्या थापतायत. आपणच त्यांच्या दारात जाऊ."

तेव्हापासून आम्ही जिने चढायला लागलो. माझं काम बेल वाजवायचं. बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर बंदच राहू दे, फक्त आतलं दार उघडं ठेवा, असं मी बायकांना सांगायचे. मग वैजू जिन्याच्या वळणावर उभी राहून बोलायची. वरच्यांना ऐकू जाई, खालच्यांना ऐकू जाई, आणि कोण ऐकतंय ते कुणाला दिसत नसे. नवऱ्याने विचारलंच, तर आपण दार उघडून स्वयंपाक करत होतो, एवढंच सांगायचं. टाळ्या नकोत, पटलं तर दाराची कडी एकदा वाजवा, ही तिची पद्धत. पहिल्याच इमारतीत सगळीकडे शुकशुकाट... आणि मग वरून कुठून तरी एक कडी वाजली. वैजू मटकन पायरीवर बसली. पुढच्या आठवड्यात एक बाई दुकानात आली, औषध काहीच मागितलं नाही, म्हणाली, "ती कडी माझी." मग वैजू तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली. अशा बऱ्याच जणी आल्या. काही परत नवऱ्याकडे गेल्या, त्यांच्यासाठी वैजू चार-चार दिवस धड जेवायची नाही.

पुढे मुंबईच्या मुलामुलींनी तिला एका कॅफेत बोलावलं. तिच्या बोलण्याला स्पोकन वर्ड म्हणतात, हे तिला तिथे कळलं. परतल्यावर हसत म्हणाली, "टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात गं, कुत्र्याला बोलावल्यासारख्या." पुन्हा काही ती गेली नाही.

ती पनवेलभर बोलली, पण आमच्याच जिन्यात कधी बोलली नाही. काकूंनी बजावलं होतं, "घरातलं जिन्यात सांडायचं नाय." वैजूचं सगळ्यात गाजलेलं बोलणं सुकापूरच्या त्यांच्या जुन्या घरातलंच होतं. 'आमच्या घरी बाबा आले की रेडिओ मोठा व्हायचा, शेजारी म्हणायचे, गाण्याची फार हौस. आईला चार लोकांची लाज होती. गाण्याच्या आडून कुठलं भांडं पडलं ते मी ओळखायला शिकले. आई, लाज तुझी नव्हती.' शेवटच्या वाक्याला तिचा आवाज नेहमी चिरायचा. मला म्हणायची, "आईने एकदा ऐकू दे. कडी वाजवू दे नाहीतर दार आपटू दे, पण ऐकू दे." मी म्हणायचे, थांब थोडी, म्हातारं माणूस आहे, बदलेल. आम्हा दोघींनाही वाटायचं, वेळ आहे.

महिना झाल्यावर मी एका संध्याकाळी वालाचं बिरडं घेऊन वर गेले. काकूंनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "ती काय बोलायची ता मना सांग." मी आत शिरणार तोच त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं. "आत नको. जिन्यात रा उभी, ती रायची तशी." म्हणजे ती कुठे, कशी उभी राहायची तेही त्यांना माहीत होतं. मी खाली वळणावर गेले आणि तिचं ते रेडिओचं बोलणं म्हटलं. माझा काही वैजूसारखा आवाज नाही, दोनदा अडखळले, शेवटचं वाक्य तर निम्मंच आलं. जाळीमागे काकूंचं पांढरं पातळ तेवढं दिसत होतं.

त्या जाळीमागूनच बोलल्या. "लोकांसाठी नाय गो. लोकांना सगलं ठावं व्हतं. पोरीला आयकू जाव नको म्हनून मी रेडू मोठा करी." आणि मग, "तरी आयकू जायचा तिला?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं की काय, मला अजून कळत नाही. इतकी वर्षं वैजूने आईला लोकलाजेला भिणारी समजून माफ करायचा प्रयत्न केला, आणि माफ करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. हे तिला कुणी सांगायचं? एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या त्या दोघी, आणि एवढी एक गोष्ट बोलायची राहून गेली. मला याचा राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते सुचत नाही.

आता काकू संध्याकाळी आतलं दार उघडं ठेवून जाळीपाशी स्टुलावर बसतात. जिन्यात कुणी बोलत नसतं. कामावरून आले की मी खालूनच हाक मारते, काकू, जेवलात का? त्या बोलत नाहीत, कडी एकदा वाजवतात. हीच एक कडी ऐकायला वैजूने दुसऱ्यांचे जिने झिजवले.