चौथ्या मजल्यापर्यंत

आमच्या सोसायटीची लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोचायला अठरा सेकंद घेते. हे मी नंतर मोबाइलवर मोजलं. अठरा सेकंदांत माणूस "अहो, तसं नाही झालं, मला मध्येच थांबवलं" एवढं आरामात सांगू शकतो. मी नुसतं "थँक यू, काकू" म्हटलं आणि पुढचं वर्षभर त्याची फळं भोगली.

त्याचं असं झालं. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालण्याचं धावणं झालं, गुडघा कुरकुरला म्हणून सायकल आली, आणि सायकलवाल्या मंडळींनी ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात भरलं. एका दमात एकोणीसशे मीटर समुद्रात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. पोहायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. नवरा म्हणाला, "लोकांना पहिला मजला जिन्यानं चढवत नाही, आणि हिला समुद्र पाहिजे." पण गाडीवर सायकल बांधून मला कोकणातल्या त्या किनाऱ्यावर घेऊन गेला तोच.

पहिल्या वर्षी मी पोहले, सायकल पुरी केली, धावायला लागले आणि तेराव्या किलोमीटरला वेळ संपली. शिट्टी गळ्यात घातलेला एक स्वयंसेवक आला, "मॅडम, झालं आता," म्हणाला, आणि खाली बसून माझ्या घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा सोडवून घेऊन गेला. रडू आलं नाही. रडायलाही अंगात पाणी लागतं.

परतताना बॅगेत बाटली सांडलेली. कोरडं असं एकच कापड उरलेलं, आयोजकांनी आदल्या दिवशीच नंबराबरोबर सगळ्यांना वाटून टाकलेला टी-शर्ट. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'फिनिशर'. तोच अंगात घालून मी जुईनगरला आमच्या लिफ्टमध्ये शिरले. बरोबर चौथ्या मजल्यावरच्या काकू. माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या, वाचलं, आणि हात जोडून म्हणाल्या, "धन्य आहेस गं बाई! पुरी केलीस!"

थँक यू, काकू.

सातव्या मजल्यावर जाऊन आंघोळ करून बाहेर येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावानं चौतीस टाळ्या वाजल्या होत्या. नवरा म्हणाला, "सांगून टाक, टेन्शन कशाला?" मी म्हटलं, सांगते. पण खोटं मी बोललेच कुठे होते? खरं बोलले नव्हते, एवढंच.

आता गंमत बघा. मी ऐरोलीच्या एका ऑफिसात बसून लोकांच्या विम्याचे दावे तपासते. गेली अठरा वर्षं. कुणी आधीचं दुखणं सांगितलं नसेल, तर त्या कागदावर 'माहिती दडवली' असा शेरा मारणं हे माझं काम. फोनवर माणसं काकुळतीला येतात, "अहो मॅडम, कुणी विचारलंच नव्हतं," आणि मी थंडपणे सांगते की न विचारताही सांगणं तुमचं कर्तव्य होतं. त्या आठवड्यात असे तीन फोन आले. तिन्ही वेळा माझा आवाज मलाच ऐकवेना.

खरं सांगितलं ते एकाच बाईला. रविवारी पामबीच रोडवर सायकल मारून झाली की मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाते आणि ठरलेल्या मावशीकडून मासळी घेऊन हँडलला पिशवी अडकवून घरी येते. मावशींना शर्यत वगैरे ठाऊक नव्हतं, पण मी समुद्रात उतरणार हे मीच फुशारकीनं सांगून ठेवलं होतं. बोंबील साफ करता करता त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंग? पोचलीस काय गो?"

"नाही पोचले, मावशी."

"जित्ती आयलीस ना? मंग झाला. बोंबील किती देऊ?"

एवढं सोपं होतं. सरळ विचारलं, सरळ सांगितलं. सोसायटीत कुणी 'पोचलीस का' असं विचारलंच नाही, सगळ्यांनी अभिनंदनच केलं, आणि अभिनंदनाला 'नाही' म्हणायची सोय आपल्याकडे नाही.

मग आली संक्रांत. बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला दरवर्षी कुणाला तरी मान देतात, त्या वर्षी माझं नाव. नाही म्हणून पाहिलं, ताप आल्याचं सांगून पाहिलं, तर काकू स्वतः वर येऊन कपाळाला हात लावून गेल्या. गच्चीवर सतरंजी, तिळगूळ, वाणाला स्टीलच्या वाट्या. मला पाटावर बसवून काकूंनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. नंतर सगळ्यांच्या देखत विचारलं, "सांग की, शेवटी पोचल्यावर कसं वाटलं?"

तोपर्यंत मी फक्त गप्प होते. त्या दिवशी बोलले. "छान वाटलं," म्हटलं. चांगली चार वाक्यं बोलले, सूर्य, वाळू, डोळ्यांत पाणी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन खण साड्यांच्या तळाशी कोंबला. ओटीचा नारळ गोड करून खायचा असतो, पण तो फोडायला माझा हात धजेना. फ्रिजवर ठेवला, तो तिथेच राहिला. उन्हाळा सरेपर्यंत आतलं पाणी आटून खुळखुळायला लागला. नवरा फ्रिज उघडताना मुद्दाम हलवायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. एकदा मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो बिचारा दिवसभर फ्रिजकडे फिरकला नाही.

हळदीकुंकवाच्या रात्रीच मी ठरवलं होतं. परत जायचं, कुणालाही न सांगता, आणि पुरी करायची. एकदा खरोखर पोचले की मागचं आपोआप खरं होईल, असा माझा हिशोब. विम्यात असा हिशोब चालत नाही हे मला ठाऊक होतं, पण स्वतःचा दावा कोण नाकारतं?

वर्षभर पहाटे साडेचारला उठले. निघायच्या आधीच्या रविवारी मावशींना सांगितलं, मागल्या खेपेला लाटांनी फार दमवलं, पुढे पायांत काही उरलंच नाही. त्यांनी कोयता बाजूला ठेवला. "पान्याशी भांडाचा नाय. भांडलीस का दमलीस. लाट आयली का गप ऱ्हवाचा, गेली का हात माराचा." महागड्या कोचनं जे तीन महिने समजावलं होतं ते एवढंच असावं, पण मला कळलं ते मासळीच्या वासात.

आणि तसंच केलं. लाट आली की गप्प, गेली की हात. मागच्यापेक्षा अकरा मिनिटं लवकर बाहेर आले. सायकलवर वाऱ्यानं जीव काढला, चौसष्टाव्या किलोमीटरला शेंगदाण्याची चिक्की घशात अडकली, तरी उतरले नाही. धावताना तेरावा किलोमीटर आला. तीच नारळाची बाग, तसाच एक पिवळ्या शर्टातला स्वयंसेवक रस्त्याच्या कडेला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. शाळेत गृहपाठ केलेला नसताना बाईंकडे बघत नाहीत, तशी खाली मान घालून निघून गेले. नंतर कळलं, तो पाणी द्यायला उभा होता.

नऊ मिनिटं शिल्लक असताना पोचले. कमानीखालून गेले, गळ्यात कुणीतरी पदक घातलं, आणि एक पोरसवदा मुलगी माझ्या पायाशी वाकून घोट्यावरचा पट्टा सोडवायला लागली. मी पाय झटकन मागे घेतला. "अगं, पोचले ना मी?"

"हो मॅडम," ती दचकून म्हणाली, "पोचल्यावर पण काढतातच."

तेव्हा मात्र रडले. नवऱ्याच्या खांद्यावर, मग खुर्चीवर, मग हातात केळं घेऊन. केळं संपलं तसं रडणंही संपलं. गाडीत पनवेल येईपर्यंत मेल्यासारखी झोपले. इतकी निवांत झोप वर्षभरात लागली नव्हती.

या वेळी टी-शर्ट बॅगेतच होता. पदक पर्समध्ये. साधा कुर्ता घालून आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. सायकल मागच्या चाकावर उभी, तिच्या पलीकडे भिंतीला चिकटलेला नवरा, अलीकडे मी. दार बंद होणार, तेवढ्यात "थांब गं" म्हणत काकू दुधाची पिशवी घेऊन आत आल्या. सायकल बघितली. मग माझ्या कुर्त्याच्या बाहीखाली दंडावर मार्करनं लिहिलेला, साबणाला न जुमानणारा शर्यतीतला काळा नंबर बघितला.

"अगं, परत?" त्यांचा चेहरा उजळला. "दोनदा पुरी केलीस? दोनदा!"

बसा आता. मी मागचं खोटं पुसायला गेले होते, आणि त्याला खऱ्याची जोड मिळून ते दुप्पट झालं होतं. सायकलच्या चाकातून नवऱ्याचे डोळे दिसत होते. दुसरा मजला. तिसरा. माझ्या तोंडात 'थँक यू' अगदी तयार होतं. चौथ्यावर दार उघडलं, काकू बाहेर पडल्या, आणि मीही त्यांच्या मागे बाहेर पडले. लिफ्ट नवऱ्याला आणि सायकलला घेऊन वर गेली.

"काकू, दोनदा नाही. पहिल्यांदाच. मागच्या वेळी मला तेराव्या किलोमीटरला काढलं. तुम्ही ओटी भरलीत ती खोटी. मी काहीच पुरं केलं नव्हतं."

काकूंनी दाराचं कुलूप उघडलं, मला आत घेतलं, दूध ओट्यावर ठेवलं. मी सोफ्यावर बसले. त्या पदराला हात पुसत समोर बसल्या.

"ओटी खोटी कशी गं? लेक माहेरहून निघते तेव्हा ओटी भरतो आपण. पोचल्याची तार आल्यावर भरतो का?" मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "मला मात्र राग आलाय. गच्चीवर ती सूर्याची कथा सांगितलीस ना, ती मी माझ्या बहिणीला फोनवर ऐकवली."

"चुकलं, काकू."

"चुकलंच. नारळाचं काय केलंस?"

"फ्रिजवर आहे. फोडवला नाही."

"वर्षभर? अगं वेडे, खोबरं झालं असेल त्याचं. उद्या आण, वड्या करू." त्या चहा टाकायला उठल्या आणि आतूनच विचारलं, "आता खरं सांग. पोचल्यावर कसं वाटलं?"

"पोचल्यावर केळं खाल्लं," मी म्हटलं. "वाटतंय ते आत्ता."

चहा झाला. वर जावं म्हणून उठायला गेले, तर पाय जागचे हलेनात. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा हसूच यायला लागलं. शेवटी काकूंनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, बायको खाली आहे, येऊन घेऊन जा.