बर्फातले अकरा कोट

भारताची तुकडी अंटार्क्टिकाला जाऊन आली, त्या वर्षी अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीपुढे त्याच मोहिमेचा देखावा करायचं ठरवलं. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पत्रात पेपरची कात्रणं असायचीच. ज्यांच्या बेसमेंटमध्ये काम चालायचं ते काका मोटार कंपनीत ड्राफ्ट्समन. टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल कापून त्यांनी हिमनग केले. काकूंनी स्वतःचा हिवाळ्याचा कोट कापला आणि तीन आठवडे खपून अकरा बाहुल्यांना शास्त्रज्ञांचे कोट शिवले. पोरांनी कार्टून बघून मध्येच एक पांढरं अस्वल घुसवलं. ते दक्षिण ध्रुवावर नसतं, हे मी घसा फोडून सांगितलं. "देअर इज नो गणपती देअर आयदर," एका पोरीने सुनावलं. अस्वल राहिलं.

मी तेव्हा ग्रॅज्युएट स्टुडंट. कॅम्पसवर दर आठवड्याला कशाच्या तरी विरोधात पत्रक वाटायचो, म्हणून कॅसेटवरचं निवेदन माझ्या गळ्यात पडलं. मी थोडाच सोडतोय? अंटार्क्टिका चार वाक्यांत उरकून मी थेट उत्तर ध्रुव गाठला. झेंडा रोवणारा गोरा इथल्या पोरांच्या डब्यांवरसुद्धा झळकतो; पण तिथल्या ज्या माणसांनी त्याच्या घसरगाड्या हाकल्या, ज्या बायकांनी कातड्याचे कपडे शिवून त्याला जिवंत ठेवलं, त्यांची नावं कुठे आहेत? असं झोड झोड झोडलं. शेवटी देखाव्याचे निर्माते म्हणून काकांचं नाव घेतलं आणि शाबासकीच्या आशेने टेप त्यांच्याच घरात ऐकवली.

काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली.

"छान बोललास. त्या बायकांची नावं नाहीत म्हणून एवढा चिडलास, माझं घेतलंस का रे?"

काका चष्मा पुसायला लागले. मी घाईघाईने 'शिवणकामात साहाय्य' असं काहीतरी सुचवलं. ते आणखीच वाईट झालं.

"साहाय्य कुणाला? यांना सुईत दोरा ओवता येत नाही. आण इकडे ती टेप."

टेपवरचा माझा उत्तर ध्रुव पुसून त्याच जागी त्यांनी स्वतःचं रेकॉर्डिंग केलं. स्वतःचं नाव सांगितलं, कोट कसे बेतले ते सांगितलं, आणि मुलांनी हात लावू नये, बटणं कच्ची आहेत, हेही. मागे कुकरची शिट्टी आली, ती तशीच ठेवली.

रविवारी गणपतीपुढे टेप वाजली आणि बायका गुडघे टेकून कोटांचे टाके बघू लागल्या. एकीने कोट बेतायचा कागदी नमुना मागितला. काकूंनी तो आधीच पर्समध्ये आणला होता.