थोरलीची पेटी, धाकटीचा भाता

देवासात माणसाचं एकदा मरून भागत नाही. गावात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, आणि मधून जाणारा बाजाराचा रस्ता मात्र एकच. रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. चोर इकडे हात मारून तिकडे पळाला, तर शिपाई रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याला नुसत्या शिव्या देतो, असं लोक सांगत. मला ती थाप वाटायची. पण आमच्या मास्तरांची पहिली पुण्यतिथी पाहिली आणि चोराच्या गोष्टीवर विश्वास बसला.

मास्तर म्हणजे बायस्कोपच्या तंबूतले पेटीमास्तर. चित्रं तेव्हा मुकी. राक्षसानं पडद्यावर नुसतं तोंड उघडायचं, गरजायचं काम मास्तरांच्या पेटीचं. नवं चित्र आलं की तंबूवाला सेठ ते त्यांना एकदा फिरवून दाखवी, आणि मास्तर दोन दिवस घरात कोणाशी बोलत नसत. मग रथाची एक चाल, राक्षसाची एक, आईच्या रडण्याची एक, अशा चाली बांधून मोकळे होत. महिनाभरानं त्याच चाली दूधवाल्याच्या आणि कचेरीतल्या कारकुनांच्या तोंडी.

पण सगळ्यात लाडकी चाल कुठल्याच चित्राची नव्हती. ती फीत तुटल्यावरची. फीत तुटली की अंधार, शिट्ट्या, आरडाओरडा. सेठ ती चिकटवीपर्यंत लोकांना जाजमावर बसवून ठेवायला मास्तरांनी ती बांधली होती. पुढे लोक फीत तुटायचीच वाट बघू लागले. नाही तुटली तर बाहेर पडताना म्हणायचे, “आज खेल फीका रहा, भिया.” आणि हेच लोक त्या अंधारात मास्तरांच्या पाठीवर भुईमुगाची टरफलं फेकत. दोन्हीत त्यांना काही विसंगत वाटत नसे. मास्तर घरी येऊन सदरा झटकत आणि म्हणत, “आज चाल आवडली वाटतं. टरफलं बरीच आहेत.”

मी कोकणातला. चौथीतून शाळा सुटली, किंवा शाळेनं मला सोडलं म्हणा. थोरल्या भावाच्या घरात माणसं जास्त आणि भात कमी होता. एका ओळखीच्या माणसाकडे म्हणून देवासला आलो, तर तो माणूस माझ्या आधीच गाव सोडून गेलेला. वळकटी घेऊन तंबूच्या दाराशी उभा होतो. मास्तरांनी विचारलं, “जेवलास?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “खोटं बोलतोस. चल.” त्या दिवसापासून त्यांच्याच घरी राहिलो. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, पानात वाढताना कधी हात आखडला नाही. तरी मी वर्षभर दुसऱ्यांदा भात मागताना घाबरत असे. परक्या मुलखात माणसाला पोटापेक्षा भीती जास्त असते.

मास्तरांनी मला पेटी शिकवली. महिन्यातून एकदा ते ती उघडत. आत पितळेच्या लहान-लहान जिभा रांगेनं बसवलेल्या असतात. भात्याचा वारा लागला की त्या थरथरतात, पेटीचा आवाज म्हणजे तोच. मास्तर एकेक काढून देत, काकू त्या सुपात घेऊन मऊ फडक्यानं पुसत. “लाकूड कुठलंही चालतं गं,” मास्तर म्हणत, “हे जर्मनीचं पितळ मिळायचं नाही.” आणि पुढे जर्मन लढाई सुरू झाली, तेव्हा ते खरोखरच कुठे मिळेना.

मास्तर राहायचे धाकट्या पातीत. तंबू असायचा थोरलीत. एका संध्याकाळी खेळाआधी पेटीवर हात ठेवला आणि तिथेच कलंडले. राहिले धाकटीत, गेले थोरलीत. सगळ्या घोटाळ्याचं मूळ हे.

तेरावा झाल्यावर काकूंनी पेटी माझ्यापुढे सरकवली. “वाजव. नाहीतर उंदीर वाजवतील.”

मी तंबूत बसू लागलो. देवास, सोनकच्छ, नृसिंहाच्या उत्सवात हाटपिपल्या, उन्हाळ्यात धार. सेठ माळव्यातला रोखठोक माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला, “देख भिया, पेटी है तो तू है. पेटी नी, तो तू बी नी.” माझ्या मिळकतीवर काकूंची चूल पेटत होती आणि काकूंच्या चुलीवर मी. पेटी गेली असती, तर मला भावाच्या दाराशी, काकूंना कुठल्या तरी दूरच्या पुतण्याच्या माजघरात, असं आम्हां दोघांना वाटेला लागावं लागलं असतं.

आणि वर्ष भरत आलं तसं गावाला मास्तरांवरचं प्रेम आठवलं.

थोरलीकडून पेन्शनीत निघालेले एक मामलेदार आले. ते तंबूत कधी फिरकले नव्हते, कारण जाजमावर सगळ्यांबरोबर बसावं लागे. पण त्यांचा दावा, की आपण वाड्याच्या गच्चीवरून रोज ऐकत होतो. धाकटीकडून शाळेचे हेडमास्तर आले. त्यांनी पूर्वी पोरांना बायस्कोप पाहिल्याबद्दल छड्या मारल्या होत्या. आता ते मास्तरांना “सूरमहर्षी” म्हणत होते. दोघांनाही आपापल्या अंगाला पुण्यतिथी करायची होती. एकानं सकाळ घेतली, दुसऱ्यानं दुपार. पेटी मात्र दोघांना हवी होती. फोटो कोणाकडेच नव्हता, मग हार घालायचा कशावर?

काकू परक्या पुरुषांशी समोर येऊन बोलत नसत. दाराआड उभ्या राहून माझ्याशी बोलत आणि मी ते पुढे सांगायचं. वास्तविक दाराआडचा शब्दन् शब्द ओसरीवर ऐकू येई. तरी मी पुन्हा सांगायचा आणि पाहुणे पुन्हा मान डोलवायचे.

“त्यांना सांग, न्या म्हणावं, पण संध्याकाळी परत आणा.”

“काकू म्हणतात, न्या, पण संध्याकाळी परत आणा.”

“अलबत!” मामलेदार म्हणाले. “वहिनींना सांगा, पेटी म्हणजे आम्हांला साक्षात मास्तर.”

“त्यांना सांग, साक्षात मास्तरांना त्यांनी एकदा तरी चहा पाजला होता का, ते विचारते आहे.”

एवढंच मी पुढे सांगितलं नाही. मामलेदारांनी एकदम छताचे वासे न्याहाळायला घेतले.

पुण्यतिथीच्या सकाळी थोरलीच्या मंडपात पेटी चौरंगावर चढली. गंध, फूल, हार. भटजींनी मंत्र म्हणत मूठभर अक्षता सोडल्या. त्यांतले काही दाणे पट्ट्यांच्या फटीत गेले आणि एक काळी पट्टी दाबलेलीच राहिली. मास्तरांची ती फीत तुटल्यावरची चाल सुरुवातीला हवी म्हणून मला बसवलं होतं. मी भाता मारला, तशी पेटी “कूंऽऽ” करत राहिली. मी वाजवतोय एक, आणि मधून अखंड कूं. मी घामाघूम. मामलेदारांनी डोळे मिटले. “ऐका,” ते गहिवरून म्हणाले, “मास्तर बोलताहेत.” मंडपात दोघांनी डोळे पुसले.

दुपारी तीच पेटी वाजत गाजत रस्ता ओलांडू लागली आणि मधोमध अडली. मामलेदारांनी आपला हात पेटीवरून काढलाच नाही.

“मास्तरांचा देह थोरलीत पडला,” ते म्हणाले. “पेटी इथेच राहील. काचेच्या कपाटात. नित्य पूजा होईल.”

“देह पडला असेल,” हेडमास्तर म्हणाले, “पण जेवले कोणाच्या मातीतलं? पेटी धाकटीत राहील. शाळेत. कोणी हात लावणार नाही.”

“आमच्याकडेही कोणी हात लावणार नाही!”

एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही पात्यांचं एकमत होतं, की आता ती पेटी कोणी वाजवायची नाही. गर्दीतून सेठ वाट काढत आला आणि कानाशी म्हणाला, “कईं भिया, कल धार निकलना है. पेटी मिलेगी के नी?” मी म्हणालो, मिळेल. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

रस्त्यावरच्या भांडणाचा निकाल रस्त्यावर लागेना, तेव्हा सगळे काकूंच्या ओसरीवर आले. पेटी मधे ठेवली. मी दाराशी. तिथं मामलेदारांना तोडगा सुचला. देवासच्या माणसाला दुसरा सुचणारही नाही. पूर्वी राज्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा गाव वाटलं, शेतं वाटली, हक्क वाटले, मान वाटले. मग पेटीच काय अशी मोठी?

“दोन भाग करू,” ते म्हणाले. “थोरली म्हणून वरची पेटी, पट्ट्यांसकट, आमची. भाता तुमचा.”

हेडमास्तरांनी क्षणभर विचार केला. “भाता म्हणजे प्राण,” ते म्हणाले. “मंजूर. प्राण धाकटीत.”

“पट्ट्या म्हणजे वाणी!” मामलेदार घाईनं म्हणाले. “वाणी थोरलीत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. मी दाराआड तोंड वळवून म्हणालो, “काकू, नाही म्हणा हो.”

काकूंनी दाराआडून एकदा पेटीकडे पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “त्यांना सांग, माझी हरकत नाही.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “काकू...”

“सांग म्हणते ना. आणि विचार, आतलं कोणाच्या वाट्याला?”

“आतलं म्हणजे?” हेडमास्तरांनी परस्परच विचारलं. माझ्या मध्यस्थीचा त्यांना विसर पडला.

“त्यांना सांग, आत थोडं पितळ आहे. जुनं.”

पितळ! मामलेदारांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी मामलेदारांकडे. जो पितळ मागेल त्याच्याबद्दल समोरचा उद्या गावभर सांगेल, की मास्तरांच्या नावावर मोडीचं पितळ घरात नेलं.

“छे छे,” मामलेदार म्हणाले. “आम्हांला धातूचा लोभ नाही.”

“आम्हांला तर मुळीच नाही,” हेडमास्तर म्हणाले. “वहिनींनीच ठेवावं. कल्हईवाल्याला देता येईल.”

“त्यांना सांग, उपकार झाले.”

सुतार आला. त्यानं खिळे काढले, भाता सोडवला. पितळी जिभा निघाल्या तशा मी एकेक काकूंच्या सुपात ठेवल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली मान घालून बसलो. दारापलीकडून हात पुढे आला. सूप आत गेलं. ओसरीवर अजून प्राण मोठा की वाणी मोठी हे चाललं होतं. दोन पालख्या दोन दिशांना गेल्या, एकीत रिकामं लाकूड, दुसरीत नुसतं कातडं. फुलं दोन्हींवर सारखीच.

मी आत गेलो. काकू फडक्यानं जिभा पुसत बसल्या होत्या. जिभांबरोबर सुपात आलेले अक्षतांचे दाणे त्यांनी बाजूला काढून ठेवले होते.

“धारला सुतार आहे ना कोणी?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग लाकूड कुठलंही चालतं. त्यांनीच सांगितलेलं आहे.”

सेठ कुरकुरला, पण थांबला. धारच्या सुतारानं सागाच्या खोक्याची पेटी केली, बकऱ्याच्या कातड्याचा भाता केला. दिसायला अगदीच किराणा दुकानातली वाटे. पण पहिल्या खेळाला सेठची फीत तुटली, अंधारात मी ती चाल वाजवली, आणि पाठीवर शेंगांची टरफलं येऊन पडली, तेव्हा माझा जीव खाली बसला.

त्यानंतर दरवर्षी दोन पुण्यतिथ्या होतात. थोरलीत काचेच्या कपाटात पेटी, धाकटीत शाळेच्या भिंतीवर भाता. मला दोन्हीकडे वाजवायला बोलावतात. नाही म्हणायची माझी छाती नाही, आणि खरं सांगायचं तर मला आवडतंही. मास्तरांची चाल त्यांच्या नावानं वाजते. मागच्या खेपेला मी चाल संपवली, तेव्हा मामलेदार माझ्या खोक्याच्या पेटीकडे पाहून हळहळले.

“हात बरा आहे हो तुमचा,” ते म्हणाले. मग कपाट उघडून त्यांनी रिकाम्या लाकडाला कान लावला. “पण तो आवाज! तो या पेटीबरोबर गेला. तुमच्या त्या खोक्यात कसा यावा?”

“खरं आहे,” मी म्हणालो.

घरी येऊन काकूंना सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “धाकटीत दुपारी बोलावलंय ना? जेवून जा. त्यांचा प्राण नुसता भिंतीवर लटकलाय, ते काही तुला वाढायचे नाहीत.”

मी बसलो. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.