काकीची वाटीतली कोरफड

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमधे माणसाला काहीही होऊ दे, भाजू दे, खाज सुटू दे, केस गळू देत, समोरच्या काकीकडे त्याला औषध एकच, कोरफड, आणि तुम्हाला नको असली तरी ती लावणारच. पॅसेजमधे तेलाच्या डब्यांत आठ झाडं, आम्हाला चपला ठेवायला जागा नाही. एक तर न विचारता माझ्या दारावर मुळासकट उलटी टांगून गेली, म्हणे पोरीला नजर लागू नये, आणि माझ्या डोक्याला रोज काटे लागतात त्याचं काय. वॉचमनच्या टकलावर महिनाभर गर चोळला, तो बिचारा म्हणाला, "काकी, एक केस नाही आला," तर म्हणते, "केस नाय येवंदेत, डोक्यां तरी थंड ऱ्हवात." माझ्या नवऱ्याला दाढी करताना कापलं, तर चिकट गाल घेऊन कामावर पाठवला त्याला.

आणि तिची ती वाटी. पान कापलं की लगेच लावायचं नाही, वाटीत उभं करायचं आणि समोर बसून बघत राहायचं. "थांब गो, पिवळो चीक गळान जावंदे." अर्धा तास. सहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन कोणाकडे असतो यार अर्धा तास.

मे महिन्यात पोरीच्या मानेवर घामोळं उठलं, रडून रडून श्वास अडकायला लागला तिचा, मी घाबरले ना, काकी बाजारात गेलेली, मीच तिच्या डब्यातलं पान कापलं आणि तसंच चोळलं. दहा मिनिटांत मान लालभडक. पोरीला उचलून बाहेर धावले तर काकी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. अख्ख्या मजल्यासमोर बोलले तिला, तुमच्या ह्या पाल्याने माझ्या पोरीची वाट लावली, परत हात लावायचा नाही तिला.

काकीने खाली पडलेलं पान बघितलं, टोकाला पिवळा थेंब होता. मग म्हणाली, "आधी मान धू. साध्या पाण्यान. मगे डॉक्टराक दाखव." बस, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "चीक निथळू दिलात का?"

दोन दिवसांत मान बरी झाली. काकीने आठही डबे घरात नेले, आता चपला ठेवायला जागाच जागा. मला राग येतो तिचा, अजून येतो. सगळं कळलं होतं तर तिथेच सगळ्यांसमोर सुनवायचं ना मला.

काल चहा गाळताना बोट भाजलं. दारावरच्या उलट्या कोरफडीचं पान कापलं, वाटीत उभं केलं, आणि वाटी नि पोर घेऊन काकीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. काकी आली, वाटीकडे बघितलं, शेजारी टेकली. पिवळं थेंब थेंब उतरत होतं, आम्ही दोघी बघत होतो. पोर तिच्याकडे झेपावली, तर काकीने हात पदरात घेतले आणि मला म्हणाली, "घेव काय गो हिका?"

आधी कधी विचारायची नाही.