शेळ्यांना ठाऊक असलेलं झाड

कनेरगाव नाक्यावर मी एसटीची वाट पाहत होते तेव्हा रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला लाल आकडा चढला होता. रस्ता रुंद होणार, झाडं तुटणार होती. शेळ्या राखणारे माझे आप्पा म्हणाले, "आता तुझी झाडं वाचवायची पत्रकं कोन वाटंल?"

"मोबाइलवरून लढता येतं, आप्पा."

खोटं. मी पळाले.

आता स्कॉटलंडला, एडिनबरात वृद्धाश्रमात नोकरी करते, रविवारी बागेत झाडांची चित्रं काढायला शिकते. पहिल्या हिवाळ्यात इथली झाडं मला मेलेलीच वाटली. शिकवणाऱ्या बाईंनी हातात बोडकी काडी दिली अन् म्हणाल्या, काढ. ॲश नावाच्या झाडाची कळी काजळासारखी काळी, समोरासमोर जोडीनं. बीच झाडाची लांब, टोकदार. पेन्सिल चालवल्याशिवाय हे दिसत नाही. तेव्हा स्वतःचीच चीड आली. सरकारी यादीत आमची झाडं नुसती "इतर" म्हणून नोंदवली, तेव्हा आम्ही बोंबललो. आमच्या पत्रकात तरी एका झाडाचं नाव होतं का?

मार्चमध्ये झाडांसाठी लढणाऱ्या शहरातल्या सोबत्यांचा निरोप आला: उरलेल्या सात झाडांची सुनावणी आहे, सचित्र ओळख जोडायचीय. गावात विचारायला आप्पाच, अन् त्यांचा फोन नुसता बोलायचा, फोटो काढायचा नाही. मी हुकूम सोडला, "कळ्या कशा हायेत सांगा."

"कळ्या कशाच्या? तुझ्या थंडीतलं इथं काहून लावून राहिली?" आप्पा भडकले. मग त्यांच्या पद्धतीनं सांगू लागले. "पयल्याचा पाला शेळी सोडत न्हाई. दुसऱ्याला तोंड लावत न्हाई. पाचव्याच्या शेंगा गोड, शेळ्या तुटून पडतात."

पाचवं म्हणजे शिरीष, मी ठरवून टाकलं. चपट्या, वाळक्या, खुळखुळणाऱ्या शेंगा झोकात काढल्या. सोबत्यांनी साती चित्रं झाडांशी ताडून न बघता जोडली.

सुनावणीत पाचवं झाड विलायती शिरीष निघालं. शेंगा जाड, गरानं भरलेल्या. एक ओळख खोटी म्हणून साती चित्रं बाद झाली. आठवड्यात झाडं आडवी.

आप्पा एवढंच बोलले, "वाळकी शेंग कोनती शेळी खाईल? मी गोड म्हणलो व्हतो. तू ऐकलं न्हाई."

गावातल्यांनो, अन् माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, घर पाठ आहे या भ्रमात राहू नका. मी त्या भ्रमात राहिले. परक्या मुलखातला ओक आज डोळे मिटून काढते. आमचं पाचवं झाड काढायला बसते तेव्हा आप्पांना फोन लावावा लागतो: पान केवढं होतं, साल कशी होती? ते सांगतात. या वेळी मी मधे बोलत नाही. घर म्हणून आता माझ्याकडे तेवढंच आहे.