खरे सरांना मराठी येत नव्हतं

खरे सर मराठी नव्हते.

आज सकाळी ते गेले. हार्ट अटॅक.

दुपारी ग्वारीघाटला नेलं. ज्या नदीत त्यांनी मला पोहायला शिकवलं, तिच्याच काठावर. मी वरच्या पायऱ्यांवर उभी राहिले.

आडनावावरून मी फसले होते. पहिल्याच फोनवर सगळं मराठीत सांगून टाकलं. नवरा गेला, मुलगा बंगलोरला, घरात बसवत नाही, ट्रायथलॉनबद्दल वाचलंय, वय पन्नास, शिकवाल का?

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मग म्हणाले, "दीदी, हम वो वाले खरे नहीं हैं. समझ में कुछ नहीं आया. पर आ जाओ."

लांब अंतराची ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. सगळं एका दमात.

सायकलसाठी सरांचा नियम एकच. चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल, तर स्पीड जास्त आहे.

ते स्कूटरवर शेजारून यायचे.

"बोलो दीदी."

"काय बोलू?"

"कुछ भी. मैं बात नहीं, साँस सुन रहा हूँ."

दम लागला की मला हिंदी सुचत नाही. मराठीच येते.

आणि ह्यांच्यानंतर घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. मुलाला समजतं, पण उत्तर हिंदीत येतं.

मग मी बोलत सुटले. बरगी रोडवर, ट्रकांच्या आवाजात. ह्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल. ह्यांच्यावरच्या रागाबद्दलसुद्धा. ऐकणाऱ्याला कळत नाही म्हटल्यावर माणूस काय काय बोलतो.

एकदा मी म्हणाले, "रविवारी तर दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, सर."

स्कूटरवरून आवाज आला, "तो इतवार का खाना हमारे यहाँ खाया करो."

मी ब्रेकच लावला. "सर! तुम्हाला समजून राहिलं?"

ते समोर बघत म्हणाले, "रुको मत. पैडल मारो."

कधीपासून समजत होतं, त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बोलणं मात्र बंद केलं नाही.

रेस पुढच्या महिन्यात आहे. सर सोबत येणार होते.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "मम्मी, अब रहने दो ना. अकेले कैसे करोगी?"

"ती एकटीनंच करायची असते रे."

"फिर भी."

त्याचंही खरं आहे. मला भीती वाटून राहिली आहे. पाण्याची नाही, रस्त्याचीही नाही. इतका वेळ गप्प राहण्याची.

तरी सायकल पुसून दाराशी लावली आहे. उद्या निघेन.

सर, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.

मराठीतच लिहिते आहे. तुम्हाला कळतं.